दगडात धूर भरणारी पोरगी

आज इंदिरानगरला एकांकडे वास्तुशांत होती. जेवण झकास, मठ्ठा तर दोन वाट्या घेतला, पण घरी आल्यापासून डोकं तापलंय. पोस्ट मोठी होणार, वेळ नसेल तर लाईक करून पुढे जा.

माझी भाची जिऑलॉजीत पीएचडी करते. कार्बन डायऑक्साईड पाण्यात विरघळवायचा, ते सोड्यासारखं पाणी जमिनीखाली बेसॉल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडात, सोडायचं आणि तिथे त्या वायूचा कायमचा दगड होऊ द्यायचा, हा तिचा विषय. टाकीत भरून झाकण लावायचं असं नाही, खरोखरचा दगड. आंबट पाणी बेसॉल्टला खातं, त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोखंड सुटतं, ते कार्बनला धरतं आणि पांढरे खडे तयार होतात. मला एवढंच कळतं आणि एवढं कळायला मला दोन वर्षं लागली.

तर घरमालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, किचन दाखवत होते. ग्रॅनाईटचा ओटा, नुसत्या ओट्याला किती गेले ते दोनदा सांगून झालं. तेवढ्यात भाची दिसली. "काय गं, दगडात धूर भरतेस म्हणे? मग आमच्या ओट्यातच भर ना, फोडणीचा ठसका तरी जाईल!" सगळे खो खो हसले. मग नेहमीचंच, किती मिळतात महिन्याला, अजून किती वर्षं चालणार, आणि मग लग्नाचं काय. तिने ओट्यावरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाली, "काका, ग्रॅनाईटमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असतं, त्यात नाही जमायचं. पण तुमचा हा काळा आहे ना, काळा ग्रॅनाईट म्हणून विकतात तो बरेचदा ग्रॅनाईट नसतोच, गॅब्रो नाहीतर डोलेराईट असतो, बेसॉल्टचेच भाऊबंद. त्यात जमेल."

दोन सेकंद कुणी बोललं नाही. मग कुणीतरी आईस्क्रीम आणलं.

मला राग कशाचा आला सांगू? याच काकांनी महिन्यापूर्वी फॅमिली ग्रुपवर आइसलँडचा व्हिडिओ टाकला होता, "बघा हे लोक कुठे पोचले" आणि खाली टाळ्या. अहो काका, तो व्हिडिओ याच कामाचा होता! हेच! आइसलँडच्या गोऱ्याने केलं की विज्ञान आणि आपल्या ताईच्या पोरीने केलं की फोडणीचा ठसका.

तिकडे हेलिशेइदी नावाचं भूऔष्णिक वीज केंद्र आहे, तिथे कार्बफिक्स नावाच्या प्रकल्पवाल्यांनी २०१२ मध्ये असं पाणी बेसॉल्टमध्ये सोडलं. लोकांना वाटत होतं दगड व्हायला शेकडो वर्षं लागतील. २०१६ ला त्यांनी छापलं की दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला. आणि मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शेजारच्या तपासणीच्या बोअरमधला सबमर्सिबल पंप बंद पडला, वर काढला तर त्याला आतून बाहेरून कॅल्साईट, म्हणजे कॅल्शियमने कार्बन धरून झालेला तोच खडा, चिकटलेला. आपल्याकडे मोटर जळली की आपण वायरमनच्या नावाने शंख करतो, त्यांना मोटरीत पुरावा मिळाला.

आणि आपण कशावर बसलोय? दख्खनचा ट्रॅप, सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. ब्रह्मगिरी तोच, अंजनेरी तोच, पांडवलेणी त्यातच कोरलेली. रोज त्याच्यावर गाड्या उडवतो, खडी करून रस्त्यावर टाकतो, पण त्याचा अभ्यास करणारी पोरगी मात्र आपल्याला येडी वाटते.

आता जरा विहिरीचं. जुन्या मित्रांना माहितीये, मी हे दर सहा महिन्यांनी सांगतो. सिन्नरकडे आमची कोरडवाहू, मी सहावी-सातवीत असताना अण्णांनी विहीर काढली. पाणाड्याने नारळ हातावर उभा करून जागा दाखवली. मुरूम गेला, मांजऱ्या खडक लागला, अण्णा खूश, आता पाणी. मग काळा पाषाण. सुरुंग लावले, यारी आणली, पार खाली गेलो तरी फक्त ओल. विहिरीतून पाणी नाही निघालं, निघाले पांढरे चमकणारे दगड, ढीगच्या ढीग. आम्ही पोरं खिसे भरून घ्यायचो. अण्णा त्या ढिगाकडे बघायचे नाहीत. सोसायटीचं कर्ज मी नोकरीला लागल्यावर फिटलं. आता तसलेच दगड सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये लोक तिकीट काढून बघतात, ते वेगळं.

त्यातला एक मी टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला होता. भाची आठवीत असताना सुट्टीला आली आणि या कार्टीने त्यावर बाथरूमचं ॲसिड ओतलं. दगड फसफसला. मी ओरडायला धावलो तर ही डोळे मोठे करून म्हणते, "मामा, यात गॅस आहे!" सुरुवात तिथे झाली, असं माझं मत. ताई म्हणते तिच्या शाळेतल्या बाईंमुळे झाली. असेल.

म्हणून आज परत येताना गाडीत मी फुशारकी मारली की बघ, आपल्या विहिरीने आधीच सिद्ध केलंय, निसर्गाने गॅसचा दगड करून ठेवलाय. ती हसली. म्हणाली, "मामा, तो दगडच माझा प्रॉब्लेम आहे." म्हणजे असं की आइसलँडचा दगड तरणा, भोकं आणि भेगा मोकळ्या, पाणी आत शिरतं. आपला म्हातारा. लाव्हातल्या बुडबुड्यांच्या जागा कॅल्साईटने आणि झिओलाईट नावाच्या दुसऱ्या खड्यांनी कधीच बुजलेल्या. म्हणून जागा कमी, म्हणूनच पाणी झिरपायला वाट कमी. म्हणजे अण्णांच्या विहिरीला पाणी का लागलं नाही याचं निम्मं उत्तर माझ्या टेबलावर कागद दाबून बसलं होतं. ते ऐकल्यावर मी गाडी बाजूला घेतली, खरं सांगतो. अण्णा शेवटपर्यंत पाणाड्यालाच शिव्या देत गेले.

आता कमेंटमध्ये येणारच म्हणून आधीच लिहितो. हो, पाणी लागतं, एक टन वायूला पंचवीस टनांच्या आसपास, आणि सिन्नरमध्ये पाण्याच्या गप्पा मारणं म्हणजे थट्टाच आहे, समुद्राच्या पाण्यावर प्रयोग चाललेत तिकडे. हो, जमिनीखाली पाणी दाबायचं म्हटलं की १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवतो, मलाही आठवतो. आणि हो, दर्यामें खसखस आहे. आइसलँडमधला मॅमथ प्लांट हवेतून वर्षाला जास्तीत जास्त ३६ हजार टन वायू ओढायला बांधलाय आणि जग कोळसा-तेल जाळून वर्षाला साडेतीन हजार कोटी टनांच्या वर सोडतं. एकलहऱ्याच्या कोळशाच्या वीज केंद्राच्या चिमण्या बघत जेवलेलो आहोत आपण, कोळसा जाळणं कमी न करता नुसतं दगडावर ढकलायचं म्हणणाऱ्यांना भाचीच पहिली शिव्या घालते.

पण म्हणून हसायचं? ती महिनोन् महिने बेसॉल्टचा चुरा प्रेशरच्या भांड्यात ठेवून रोज पाण्यातलं कॅल्शियम मोजते. दिवाळीत घरी आली तर रात्री अकराला लॅबमधल्या मित्राला फोन, रीडिंग घेतलं का. फेलोशिप चार-चार महिने येत नाही, तेव्हा ताईकडून पैसे घेते आणि वहीत लिहून ठेवते. ते पैसे किती ते विचारायला सगळे पुढे, पण तू दिवसभर काय करतेस गं, हे आजपर्यंत कुणी धड विचारलं नाही. मी पण दोन वर्षं नव्हतं विचारलं. असो.

गाडीत शेवटी तिने विचारलं, अण्णांच्या विहिरीचा ढीग आहे का अजून? चुलतभावाला फोन लावला. बराचसा रस्त्याच्या भरावात गेला म्हणे, पण बांधाला थोडा शिल्लक आहे. रविवारी जातोय आम्ही दोघं, हातोडी आणि पोतं घेऊन.

हे टाईप करतानाच काकांचा मेसेज आला. "तिला विचारून सांग, आमचा ओटा नक्की कशाचा आहे? दुकानदाराने ग्रॅनाईटचे पैसे घेतलेत."

मी तिला सांगितलंय, उत्तर देऊ नकोस. दिलंच असेल तिने.