देवगड गेला, माल्टनही गेलं

माझं पहिलं मत देवगड मतदारसंघात पडलं, १९९० साली. कॅनडाचं नागरिकत्व मिळाल्यावर प्रांतिक विधानसभेसाठी पहिलं मत दिलं ते टोरंटोजवळच्या ब्रॅमली-गोर-माल्टन मतदारसंघात, ६ ऑक्टोबर २०११ रोजी. आज हे दोन्ही मतदारसंघ नकाशावर नाहीत. देवगड २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेत पुसला गेला आणि ब्रॅमली-गोर-माल्टन २०१८च्या निवडणुकीआधी. मी राहायला गेलो की मतदारसंघ बुडतो, अशी थट्टा घरात चालते.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरच्या ग्रुपवर पेटलेला वाद. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आणि पुनर्रचनेची चर्चा तापली. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१च्या जनगणनेवर गोठलेली आहे. ती गोठवणूक उठली तर दक्षिणेच्या राज्यांचं काय, महिला आरक्षण त्यावरच अडकलंय त्याचं काय, असं सगळं. पुण्याचा चुलतभाऊ बंड्या म्हणतो, लोकसंख्येप्रमाणे जागा द्या, विषय संपला. पुढे माझ्याकडे बोट: "दादा, तुमच्याकडे कसं स्वतंत्र आयोग सगळं करतो, राजकारण नाही. सांग जरा यांना." देवगडचे तात्या, माझे काका, वय ऐंशीच्या पुढे, त्यावर एकच ओळ लिहून मोकळे झाले: "आमचो आमदार गेलो कणकवलीक, तो पयलो परत हाडा."

बंड्याला दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हे लांबण.

माल्टन म्हणजे टोरंटोच्या विमानतळाला चिकटलेली वस्ती. मी २००४ साली इथे उतरलो तो विमानतळावरच्या मालगोदामात रात्रपाळी करायला. याच माल्टनच्या कारखान्यात अ‍ॅव्ह्रो अ‍ॅरो हे लढाऊ विमान बनत होतं. २० फेब्रुवारी १९५९ रोजी सरकारने तो प्रकल्प एका दिवसात बंद केला आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. जुने गोरे शेजारी ती शुक्रवारची गोष्ट अशी सांगायचे की गिरणी संपाची आठवण यावी. ब्रॅमली हे शेतजमिनीवर आखून वसवलेलं उपनगर. नावच शेजारचं ब्रॅम्प्टन शहर आणि माल्टन यांची अक्षरं जोडून केलेलं, शेवटचा 'ली' म्हणजे कुरण. तिथल्या एकेका पेठेतले सगळे रस्ते एकाच अक्षराने सुरू होतात. नवीन माणूस हमखास चुकतो, कारण प्रत्येक पाटी आधीच्या पाटीसारखीच वाटते. आणि गोर म्हणजे जमीनमोजणीत उरलेला पाचरीसारखा तुकडा. टोरंटो गोर नावाचा तसा तालुकाच होता, १९७४ साली तो मोडला. आता गोर रोड उरलाय आणि त्यावरचं हिंदू सभा मंदिर.

तीन ठिकाणांची नावं जोडून झालेला हा मतदारसंघ प्रांताने स्वतः आखलेला नव्हता. त्याची गोष्ट अशी. आमच्या ओंटारियो प्रांतात माइक हॅरिस यांच्या सरकारने १९९६ साली कायदा केला. नाव ऐका: 'कमी राजकारणी कायदा'. ओंटारियोच्या विधानसभेच्या १३० जागा त्याने १०३ केल्या आणि सीमा सरळ केंद्राच्या मतदारसंघांवरून उचलल्या. खासदार आणि आमदार यांचा मतदारसंघ एकच. १९९९च्या निवडणुकीला आमचा मतदारसंघ अवतरला तेव्हा शेपटीला 'स्प्रिंगडेल'ही होतं, ते २००७ला गळालं. १९९९ला कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे रमिंदर गिल, २००३ आणि २००७ला लिबरल पक्षाचे कुलदीप कुलर. त्याआधी १९९३ सालीच याच भागाने गुरबक्षसिंग मल्ही यांना राजधानी ओटावाला खासदार म्हणून पाठवलं होतं, आणि त्यांच्या पगडीसाठी सभागृहाचा टोपी न घालण्याचा नियम बदलावा लागला होता.

२०११ साल आमच्याकडे दोनदा निवडणूक घेऊन आलं. मे महिन्यात केंद्राची. जगमीत सिंग नावाचा तरुण वकील एनडीपी, म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टी या डाव्या वळणाच्या पक्षाकडून उभा राहिला आणि ५३९ मतांनी पडला. ऑक्टोबरमध्ये तोच माणूस, त्याच सीमा, प्रांतिक निवडणूक, आणि निवडून आला. ओंटारियोच्या विधानसभेतला पहिला पगडीधारी शीख आमदार. धालीवाल हे आडनाव त्याने सोडलं होतं, कारण आडनावाला जात चिकटलेली असते. आमच्या गोदामात याच्यावर जेवणाच्या सुट्टीत जुंपायची. पंजाबी सहकारी हसायचे: आडनाव टाकलं तरी गाव विचारतातच! मी कोणाला मत दिलं ते सांगत नाही. मालवणी माणूस पाच रुपयांचा नारळ कितीला घेतला तेही सांगत नाही.

त्या वेळी इथला खरा प्रश्न होता गाडीच्या विम्याचा. मी माल्टनमधून ब्रॅमलीत राहायला गेलो. गाडी तीच, लायसन्स तेच, अपघात एकही नाही. पिनकोड बदलला आणि विमा कंपनीने हप्ता वाढवला. का, विचारलं तर फोनवरची मुलगी म्हणाली, तुमच्या भागात दावे जास्त येतात. दुसऱ्याच्या अपघाताची पट्टी माझ्याकडून! मतदारसंघाची रेषा पाच-दहा वर्षांत एकदा कागदावर दिसते, ही पिनकोडची रेषा दर महिन्याला बँकेच्या खात्यात दिसायची. ती कुठल्याही आयोगाने आखलेली नव्हती आणि तिच्यावर सुनावणीही नव्हती. नव्या आमदाराने हाच प्रश्न धरला. २०१३ साली अल्पमतातल्या लिबरल सरकारला एनडीपीच्या पाठिंब्यासाठी सरासरी १५ टक्के कपातीचं आश्वासन द्यावं लागलं. पंधरा टक्के काही झाले नाहीत. पण एका कोपऱ्यातल्या मतदारसंघाची तक्रार राज्याच्या अर्थसंकल्पात जाऊन बसली, हे मी पाहिलं.

मतदारसंघ म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. तो आकडा नसतो. गाऱ्हाणं घेऊन कुठे जायचं त्याचा पत्ता असतो. इथे आमदाराचं कार्यालय म्हणजे बाजारपेठेतला एक गाळा असतो, मिठाईवाला आणि टॅक्सवाला यांच्या मधला. आई आली होती तेव्हा तिच्या कागदांचा घोळ झाला होता, तो अशाच एका कार्यालयातल्या बाईंनी सुटी संपायच्या आत फोनवर फोन करून सोडवला. त्यांनी आईला पंजाबीत समजावलं, आई मालवणीत हो म्हणाली.

मग केंद्राने २०११च्या जनगणनेवरून नवा नकाशा केला. ब्रॅम्प्टनची लोकसंख्या २००६ साली ४ लाख ३४ हजार होती, २०१६ला ती ५ लाख ९३ हजारांवर गेली. आमचा मतदारसंघ उतू गेलेल्या दुधासारखा झाला होता. त्याचे तुकडे ब्रॅम्प्टन ईस्ट, ब्रॅम्प्टन सेंटर, मिसिसागा-माल्टन असे वाटले गेले आणि प्रांताने २०१८ला तेच उचलले. जगमीत सिंग तोवर पक्षाचे राष्ट्रीय नेते झाले होते. त्यांचे भाऊ गुररतन ब्रॅम्प्टन ईस्टमधून निवडून आले, २०२२ला हरले. इतकाच इतिहास. एकोणीस वर्षांचा मतदारसंघ. नव्या नावांत दिशा आल्या आणि गोर गेलं, याची मला अजून चुटपुट आहे. ईस्ट म्हटलं की काय डोळ्यापुढे येतं?

आता बंड्या, तुझं 'राजकारण नाही'. केंद्राच्या नकाशाबाबत तू बऱ्यापैकी बरोबर आहेस. प्रत्येक प्रांताला तिघांचा आयोग असतो, अध्यक्ष न्यायाधीश, उघड सुनावण्या होतात, कोणीही जाऊन बोलतो. पण किती जागा ठेवायच्या हे सरकारच ठरवतं. २०१८ साली टोरंटो महापालिकेची निवडणूक २२ ऑक्टोबरला होती, उमेदवार मे महिन्यापासून दारोदार फिरत होते, आणि ऑगस्टमध्ये डग फोर्ड यांच्या प्रांतिक सरकारने कायदा करून ४७ प्रभागांचे २५ केले. ऐन प्रचारात, मध्येच! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०२१ला निकाल पाच विरुद्ध चार असा सरकारच्या बाजूने लागला. आपल्याकडे महापालिकांचे प्रभाग कधी तीनचे, कधी चारचे होतात, तेव्हा 'परदेशात असं होत नाही' म्हणणाऱ्यांनी हे पाहून घ्यावं.

आणि 'लोकसंख्येप्रमाणे जागा' हे तर इथे कोणी पाळतच नाही. प्रिन्स एडवर्ड आयलंड या चिमुकल्या प्रांताची वस्ती २०२१ला दीड लाख, खासदार चार. ओंटारियोत एका खासदारामागे १ लाख १६ हजार माणसं. क्युबेकची एक जागा कमी होणार असं २०२१च्या जनगणनेनंतर दिसलं, तर संसदेने २०२२ला कायदाच बदलला की कुठल्याही प्रांताच्या जागा घटणार नाहीत. वाढणाऱ्याला वाढवून द्यायचं, आटणाऱ्याचं काढून घ्यायचं नाही. याची किंमत आम्ही ब्रॅम्प्टनवाले देतो, आमचं मत हलकं होतं. मला ती किंमत मान्य आहे. का, ते सांगतो.

ओंटारियोच्या उत्तरेची माणसं दक्षिणेत येतात, तिथल्या लोकसंख्येची टक्केवारी घसरत जाते. तरी प्रांताने २००५च्या कायद्याने उत्तरेच्या ११ जागा राखल्या, केंद्राने एक कमी केली तरी. २०१७ला उलट दोन वाढवल्या. त्यातला एक कीवेटिनूंग. ओजिब्वे भाषेत उत्तर दिशा. क्षेत्रफळाने जवळजवळ महाराष्ट्राएवढा, वस्ती ३३ हजारांच्या आसपास, बहुसंख्य मूलनिवासी. प्रांताच्या सरासरीच्या एक तृतीयांश. बंड्याच्या हिशेबात हा अन्यायच. पण तिथले आमदार सोल ममाक्वा २०२४च्या मे महिन्यात विधानसभेत उठले आणि आपल्या भाषेत, ओजी-क्रीमध्ये, बोलले. त्या सभागृहात इंग्रजी-फ्रेंचखेरीज तिसरी भाषा पहिल्यांदाच दुभाष्यासह ऐकली गेली. लोकसंख्येच्या त्रैराशिकात ही जागाच निघाली नसती.

आता घरी या. २००८च्या पुनर्रचनेआधी सिंधुदुर्गात चार आमदार होते: देवगड, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी. तीन उरले: कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. रत्नागिरीत सातांचे पाच, खेड आणि संगमेश्वर गेले. त्याच वेळी ठाणे जिल्ह्याचे १३चे २४ झाले. आप्पा गोगटे, मग अजित गोगटे यांना निवडून देणारा देवगड कणकवलीला जोडला गेला. २००९ला नव्या कणकवलीत प्रमोद जठार ३४ मतांनी जिंकले. चौतीस! आमच्या वाडीत तेवढी माणसं गणपतीला एका घरात असतात.

ठाण्याला जागा मिळायलाच हव्या होत्या, त्यात वाद नाही. पण पुढचं गणित मांडून पाहा. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या घटून ८ लाख ४९ हजार झाली, रत्नागिरीचीही घटली. राज्याचे ११ कोटी २४ लाख भागिले २८८, म्हणजे एका जागेमागे ३ लाख ९० हजार. सिंधुदुर्गाच्या वाट्याला दोन येतात, सव्वादोन म्हणा हवं तर. रत्नागिरीच्या वाट्याला चार. जागा २८८च राहिल्या आणि नुसता भागाकार झाला, तर विजयदुर्गच्या माणसाचा आमदार आणखी लांब जाणार. दक्षिणेच्या राज्यांची बाजू घेऊन भांडणारे आमच्या ग्रुपवर चारजण आहेत, कोकणाचा हा हिशेब एकानेही केलेला नाही. राज्याराज्यांत जे अन्यायाचं वाटतं, ते राज्याच्या आत आपण निमूट करतो. घटत्या जिल्ह्यांच्या जागांना तळाची मर्यादा हवी, ओंटारियोच्या उत्तरेसारखी. विदर्भानेही ६६च्या ६२ झाल्या तेव्हा हे भोगलंय, सोबती मिळतील.

आणि ही मर्यादा मागणारा मी कोण, हेही तात्यांनी एकदा फोनवर ऐकवलंय. देवगड कणकवलीत गेल्याबद्दल मी हळहळत होतो. ते म्हणाले, "तुमी सगळे गेलास, म्हणान मतदारसंघ गेलो." खरं आहे. देवगडात मी कमी झालो, माल्टनमध्ये मी जास्त झालो. तिथे माणसं गेली म्हणून रेषा पुसली, इथे माणसं आली म्हणून पुसली, दोन्ही बेरजा-वजाबाक्यांत माझं नाव आहे. आंब्याच्या कलमांना पाणी घालणारे तात्या आणि नांदगाव तिठ्यावर एसटीची वाट बघणारे त्यांच्या वयाचे लोक, एवढे मागे उरले, आणि 'एक माणूस एक मत' हे आम्ही त्यांना पुण्याहून, ठाण्याहून, ब्रॅम्प्टनहून शिकवतोय.

गेल्या महिन्यात तात्यांनी सांगितलं की गावच्या मतदारयादीत माझं नाव अजून तसंच आहे. म्हटलं, मी आता भारताचा नागरिक नाही, ते काढायला हवं, सात नंबरचा फॉर्म असतो. ते म्हणाले, "रवांदे मरे. एक माणूस जास्तच दिसात." जागांची वाटणी मतदारयादीवरून नाही, जनगणनेवरून होते, हे त्यांना समजावायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग जनगणनेच्या दिवसांत येतंस काय घराक?