डिसेंबरात नाल्यात वाळू का दिसते? बॅकवॉश वॉल्व्हवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार वाचकाने ठिबकचं पाणी वाळूतून गाळणाऱ्या सँड फिल्टरच्या स्वयंचलित वॉल्व्हवरच्या माझ्या लेखाखाली लिहिलं आहे:

"साहेब, तुमचा लेख वाचून मे महिन्यात दोन टाक्यांवर हे आपोआप धुणारे वॉल्व्ह बसवले. दिवाळीपर्यंत बरं चाललं. डिसेंबरपासून नाल्यात वाळू दिसते, फिल्टर सारखा धूत बसतो, शेततळ्याचं पाणी वाया जातं आणि एवढं करून ड्रिपर चोक होतातच. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, तिथे तुम्ही सोलेनॉइडच्या गोष्टी सांगता. आमचा गडी दहा मिनिटांत कॉक फिरवून टाकी धुतो. असले लेख कंपन्यांच्या फायद्याचे. आता काढून टाकू का ते तरी सांगा."

दादा, नमस्कार. राग समजला. कंपनीचं आधी उरकतो: त्या लेखात एकाही कंपनीचं नाव नव्हतं, या उत्तरातही नाही. आता तुमच्या टाक्यांकडे वळू, कारण प्रतिक्रियेतले दोन शब्द मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले. एक "मे" आणि दुसरा "डिसेंबर".

वाळूची टाकी धुताना नेमकं काय होतं? रोज पाणी वरून खाली जातं आणि घाण वाळूच्या वरच्या थरात अडकते. बॅकवॉशला तेच पाणी खालून वर सोडतात. वेग पुरेसा असला की वाळूचा थर फुगतो, उकळी आलेल्या भातासारखे कण वरखाली व्हायला लागतात, एकमेकांवर घासतात आणि हलकी घाण नाल्याच्या पाइपाने निघून जाते. वॉल्व्ह आपोआप चालणारा असो की हाताने फिरवायचा, त्याचं काम पाण्याची दिशा बदलणं एवढंच. धुण्याचं काम पाण्याचा वेग करतो. वेग कमी पडला तर थर फुगत नाही, चिखलाचे गोळे आतच राहतात. जास्त झाला तर घाणीबरोबर वाळूही बाहेर.

हा वेग ठरवण्यासाठी नाल्याच्या पाइपावर एक वेगळा वॉल्व्ह असतो, तो अर्धवट उघडा ठेवून एकदा सेट करतात. तुमचा सेट झाला मे महिन्यात, जेव्हा शेततळं तळाला गेलेलं आणि पाणी कोमट, तिशीच्या आसपास असतं. डिसेंबरात दोन्ही गोष्टी उलट होतात. तळं भरलेलं असल्याने पंपाला पाणी कमी उचलावं लागतं, तो थोडं जास्त फेकतो. आणि निफाड-दिंडोरीची थंडी तुम्हाला मी काय सांगायची! पाणी विशीच्या आसपास येतं. ३० अंशाला पाण्याची चिकटाई ०.८ सेंटीपॉइज असते, २० अंशाला १.०, म्हणजे चांगली पाव हिश्श्याने जास्त. चिकट पाणी वाळूला जास्त उचलतं. मे महिन्यात ज्या वेगाला थर नीट फुगत होता, त्याच वेगाला डिसेंबरात तो तोंडापर्यंत येतो आणि सांडतो. त्यात पंपाने वेगही वाढवून ठेवलेला. नाल्यात दिसते ती वाळू ही अशी आलेली असणार.

"सारखा धूत बसतो" याचंही मूळ मला तिथेच दिसतं. तुमचा कंट्रोलर दाबाच्या फरकावर चालत असावा. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब यातला फरक ठरलेल्या आकड्यावर गेला की तो धुणं सुरू करतो. स्वच्छ वाळूतही थोडा दाब खर्च होतोच, साधारण ०.२ ते ०.३ किलो (दर चौरस सेंटीमीटरला). पाणी चिकट झालं आणि प्रवाह वाढला की स्वच्छ वाळूतला हाच खर्च वाढतो. मे महिन्यात कोणी उत्साहाने धुण्याचा आकडा अगदी खाली लावून दिला असेल, तर डिसेंबरात नुकती धुतलेली टाकीसुद्धा त्या आकड्याला टेकते. मग धुतलं की पुन्हा धुणं, न संपणारं. आकडा ०.५ किलोच्या आसपास ठेवा. त्याआधी मात्र स्वच्छ टाकीचा फरक स्वतः मोजून घ्या, आणि तोही दाब मोजणारे दोन वेगळे मीटर लावून नको. बाजारातले दोन स्वस्त मीटर एकाच दाबाला वेगवेगळं दाखवतात. एकच मीटर आधी फिल्टरच्या अलीकडे लावा, मग पलीकडे, आणि वजाबाकी करा.

आता लाईट. तुमचा मुद्दा रास्त आहे, पण वॉल्व्हच्या विरोधात जातो असं मला वाटत नाही. लाईट गेली की पंपही थांबतो आणि पंप थांबला असताना धुवायचं काहीच नसतं. शेतातल्या कंट्रोलरांना बहुतेक लॅचिंग सोलेनॉइड असतो, म्हणजे विजेच्या झटक्याने हलून त्याच जागी अडकून राहणारी कळ. त्याला उघडताना एक झटका आणि मिटताना एक झटका, इतकीच वीज लागते, मध्ये काही नाही. ती साध्या बॅटरीवर भागते. वॉल्व्हचा पडदा हलवायला लागणारी ताकद पाण्याच्या दाबातूनच येते. खरी गोम वेगळीच आहे. कंट्रोलर दाबाऐवजी नुसत्या वेळेवर लावला असेल, तर बॅटरीवरचं घड्याळ पंप बंद असतानाही चालू राहतं. वेळ झाली की तो वॉल्व्ह फिरवल्याचं समजतो, पाइपात पाणीच नसल्याने धुतलं काहीच जात नाही, आणि कंट्रोलर मात्र नोंद करतो की काम झालं. लाईट आली की घाण टाकी घेऊन पंप सुरू. म्हणून कंट्रोलरला पंप चालू आहे की नाही हे कळायला हवं. एक साधा प्रेशर स्विच पुरतो. बसवणाऱ्याने तो लावला का, बघा.

(वीजही नको आणि सोलेनॉइडही नको असा वाळूचा फिल्टर असतो, तोही सांगून ठेवतो. त्यात घाण वाढली की उलट्या यू आकाराच्या नळीत पाणी वर चढत जातं, वळणापलीकडे पडलं की सायफन सुरू होतो आणि वरच्या टाकीत साठलेलं स्वच्छ पाणी वाळू धुऊन काढतं. सायफनमध्ये हवा शिरली की आपोआप बंद. एकही वॉल्व्ह नाही. पण तो उंच, नुसत्या उताराच्या पाण्यावर चालणारा प्रकार आहे, कारखान्यांच्या आणि पाणीपुरवठ्याच्या कामाचा. ठिबकला लागणारा दाब त्यातून मिळत नाही. मला तो फार आवडतो, म्हणून इथे घुसवला.)

पाणी वाया जाण्याचा हिशोब मांडू. समजा टाकी ६०० मिलिमीटर व्यासाची आहे. क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर. मध्यम सिलिका वाळूला ताशी ३५ मीटर वेग धरला तर धुताना तासाला १० घनमीटर, म्हणजे मिनिटाला १६५ लिटर पाणी जातं. दीड मिनिट धुतलं तर २५० लिटर. दोन टाक्या, आठ तासांत चार वेळा: २,००० लिटर. एवढ्या वेळात, ताशी २० घनमीटर धरले तर, फिल्टरमधून जातं १,६०,००० लिटर. सव्वा टक्का. तुमचा गडी दोन्ही टाक्या दहा-दहा मिनिटं धूत असेल, तर एका वेळेलाच ३,३०० लिटर गेले. पाणी पहिल्या दीड-दोन मिनिटांत स्वच्छ यायला लागतं, पुढचं सगळं तळ्यातलं चांगलं पाणी नाल्यात. तेव्हा पाण्याचा दोष वॉल्व्हला देऊ नका. फिल्टर सारखा धूत असेल तर मात्र हा हिशोब कोलमडतो, ते मान्य, म्हणून तर आधी आकडा नीट करा म्हटलं. आणि एक विचारायचं राहिलं: धुतलेलं पाणी जातं कुठे? काही ठिकाणी ते काटकसर म्हणून परत शेततळ्यात सोडलेलं दिसतं. शेवाळ गाळायचं आणि पुन्हा तळ्यातच पेरायचं, असा तो उद्योग आहे. बांधावरच्या झाडांना सोडा.

गड्याबद्दल. हाताने धुण्यात काहीही वाईट नाही, वाईट आहे ते उशिरा धुणं. रात्रपाळीची लाईट असताना, दोन वाजता, उसाच्या कडेने फिल्टरपर्यंत जाऊन कॉक फिरवायला तुमचा गडी जातो? बिबट्याच्या या पट्ट्यात त्याने जावं असं मी तरी म्हणणार नाही, आणि तो जात नसेल तर त्याचं बरोबरच आहे. मग टाकी सकाळपर्यंत तशीच राहते. दाबाचा फरक एक किलोवर जातो, शेवटच्या ओळींना पाणी कमी पडतं, आणि मणी फुगण्याच्या दिवसांत ते घडात दिसतं. दाब फार वाढला की पाणी वाळूतून आपली वाट पाडून घेतं आणि घाण गाळल्याशिवाय पुढे जाते. वॉल्व्हचे पैसे मी रात्रीच्या या तासांसाठी मोजतो. मजुरी वाचते हे कॅटलॉगमध्ये लिहायला ठीक आहे.

दिवसाची लाईट, विहिरीचं स्वच्छ पाणी आणि दोन एकर बाग असेल तर हा खर्च करूच नका. हातचे कॉक आणि एक चांगला मीटर भरपूर झाला. तुमच्याकडे शेततळं आहे आणि शेवाळ आहे, म्हणून गणित वेगळं.

दोन टाक्यांची एक अडचण मात्र खरी आहे आणि विकणारे ती सांगत नाहीत. एक टाकी धुतली जाते ती दुसऱ्या टाकीतून गाळून आलेल्या पाण्याने. म्हणजे तेवढा वेळ सगळा भार एका टाकीवर, तिच्यातला वेग दुप्पट, आणि बागेचा दाब पडतो. धुण्यालाही मग पुरेसा दाब मिळत नाही. तीन टाक्या असत्या तर हा धक्का कमी बसला असता. दोनच ठेवायच्या असतील तर फिल्टरच्या पुढे दाब धरून ठेवणारा वॉल्व्ह हवा, नाहीतर धुताना बाग सगळं पाणी ओढून घेते आणि वाळू जागची हलत नाही.

वॉल्व्ह बिघडतो तो कुठे, हेही लिहितो. पडदा फाटण्याआधी त्याला हुकूम देणारी बारीक नळी तुंबते. तिच्या तोंडाशी बोटाएवढी जाळी असते, ती शेवाळाने भरते. बहुतेक वॉल्व्हमध्ये नळीतून दाब आला की धुणं सुरू होतं आणि दाब सुटला की टाकी पुन्हा गाळायला लागते. जाळी तुंबली तर धुणं सुरूच होत नाही. दाब सोडायचं भोक तुंबलं तर धुणं थांबतच नाही, आणि सकाळी तळं रिकामं. ती जाळी आठवड्याला उघडून धुवा. दुसरी जागा म्हणजे वॉल्व्हची बैठक: तिथे वाळूचा एक खडा अडकला तरी नाल्यातून धार चालू राहते. पंप चालू आहे, धुणं नाही, तरी नाला ओला, असं दिसलं तर बैठक उघडायची.

ड्रिपर चोक होण्याचं एकच कारण नसतं. दोन-चार ड्रिपर कापून बघा. आत वाळूचे कण असतील तर टाकीच्या तळाची एखादी कॅन्डल (वाळू अडवून पाणी सोडणारी फटींची नळी) फुटली आहे, आणि पुढचा स्क्रीन फिल्टरही फाटला आहे. पांढरा थर असेल आणि त्यावर ॲसिडचा थेंब टाकला की फसफसलं, तर तो बोअरच्या जड पाण्याचा चुना. पाण्यात विरघळलेलं काही कुठलीच वाळू अडवत नाही, तिथे ॲसिड ट्रीटमेंटच. हिरवट, बुळबुळीत असेल तर क्लोरीन, लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपरच्या नळीच्या, टोकाला एक-दोन पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) मिळेल इतकं. ॲसिड आणि क्लोरीन एका दिवशी, एका टाकीत कधीही नको, विषारी वायू होतो. पालखेड धरणाच्या कालव्याच्या आवर्तनाचं गढूळ पाणी थेट घेत असाल तर त्यातली बारीक माती वाळूतून पार होते. ते पाणी आधी तळ्यात निवळू द्या.

तर, काढून टाकू का? नको. पंप चालू करून एक टाकी धुवायला लावा आणि नाल्याच्या तोंडाशी धोतराचं जुनं फडकं धरा. नाल्यावरचा वॉल्व्ह हळूहळू मिटत आणा. फडक्यावर मोजके कण येतील इथपर्यंत आला की आणखी किंचित मिटा आणि हँडलवर रंगाने खूण करा. मार्च उलटला, पाणी कोमट झालं आणि तळं खाली गेलं की हेच पुन्हा करायचं, यावेळी उघडण्याच्या बाजूने. नाहीतर उन्हाळ्यात वाळू न धुताच राहील आणि चिखलाचे गोळे होतील. मग टाकीचं झाकण उघडून वाळू किती उरली ते मोजा. ३५-४० सेंटीमीटरच्या खाली गेली असेल तर भर घाला, आधीच्याच मापाच्या सिलिका वाळूची. नदीची वाळू घालू नका. तिच्यात सगळ्या आकाराचे कण असतात, बारीक पहिल्याच धुण्यात निघून जातील आणि तुम्ही पुन्हा मला शिव्या द्याल.

स्वच्छ टाकीचा दाबाचा फरक किती आला आणि कंट्रोलरवर आकडा किती लावलेला होता, एवढं इथेच खाली लिहा. वाळूचं माप गोणीवर असतं, तेही कळवा.