‘गावच्या वेल्डरकडून हूक मारून घ्या’ : त्या मेसेजला उत्तर

सुट्ट्या जवळ आल्या की कोकणात गाडी घेऊन येणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मथितार्थ असा: फोर बाय फोर घेतलीत म्हणून रिकव्हरी पॉइंटवर, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायला दोर अडकवायच्या पक्क्या जागेवर, पैसे उधळू नका. कंपनीने हूक दिलेलाच असतो. मागे टो-बॉल, म्हणजे ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा, असला तर प्रश्नच मिटला. नसेल तर गावच्या वेल्डरकडून जाड पट्टीचा हूक मारून घ्या. गाडी दोन टनांची, शॅकलवर (दोर हुकात अडकवायच्या लोखंडी कडीवर) पावणेपाच टन लिहिलेलं, मग भीती कसली? आणि एवढं करून रुतलातच, तर किनाऱ्यावर ट्रॅक्टर असतोच.

वाचायला झकास. यातला ट्रॅक्टर सोडला तर बाकी सगळं अंगाशी येणारं आहे.

आधी तो दोन टनांचा हिशोब घेऊ, कारण बाकीच्या चुका त्याच्याच पोटातून निघतात. गाडीचं वजन आणि तिला ओढायला लागणारा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी लष्कराच्या वाहन बाहेर काढण्याच्या नियमावलीत ढोबळ अंदाज दिलेला आहे: गाडी चाकापर्यंत रुतली तर तिच्या वजनाइतका जोर धरा, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, त्याच्याही वर गेली तर तिप्पट. म्हणजे खाजणाच्या चिखलात मडगार्डपर्यंत बसलेली दोन टनांची गाडी चार टन मागते. हे झालं सावकाश ओढण्याचं. आपल्याकडे सावकाश कोण ओढतं? दोराला ढील देऊन दुसरी गाडी पळवायची आणि हिसका मारायचा, हीच पद्धत.

त्या हिसक्याचं गणित कागदावर मांडून बघा. ओढणारी गाडी दोन टनांची, वेग ताशी २० किलोमीटर. तिच्यात साधारण ३१ किलोज्यूल ऊर्जा असते. नऊ मीटरचा नायलॉनचा कायनेटिक, म्हणजे ताणून हिसका झेलणारा, पट्टा २० टक्के, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास ताणला जातो आणि ही ऊर्जा तेवढ्या अंतरात पोटात घेतो. रुतलेली गाडी जागची हललीच नाही असं धरलं, तरी कमाल ओढ साडेतीन टनांच्या आसपास राहते. आता पट्ट्याच्या जागी जेमतेम २० सेंटीमीटर ताणणारा दोर लावा. तीच ओढ ३० टनांच्या वर जाते. प्रत्यक्षात तोवर काहीतरी वाकतं, फाटतं किंवा सुटतं, आणि सुटलेला लोखंडाचा तुकडा कुणाच्या तरी दिशेने जातो. वेग निम्मा केला तर ऊर्जा पाव होते, म्हणून ‘जोरात मार, निघेल’ हा सल्ला देणाऱ्याला आधी दोराच्या रेषेतून बाजूला उभं करा.

शॅकलवरचे ४.७५ टन खरे आहेत. १९ मिलिमीटरच्या, म्हणजे पाऊण इंची प्रमाणित बो शॅकलवर तेच छापलेलं असतं, आणि ती तुटायची मर्यादा याच्या कितीतरी पट वर असते. पण तो आकडा फक्त शॅकलचा. ती ज्यात अडकवली त्या पत्र्याचा आणि तो पत्रा धरणाऱ्या बोल्टांचा नाही.

कंपनीच्या हुकाबद्दल थोडक्यात. बंपरवरचं झाकण काढून आत फिरवायचा जो हूक मिळतो, तो बंद पडलेली गाडी डांबरी रस्त्यावर सरळ ओढून न्यायला असतो. खाली दिसणाऱ्या काही कड्या तर ट्रकवर चढवलेली गाडी बांधून ठेवायला असतात. काही गाड्यांना चासीला पक्के बोल्ट केलेले दणकट हूक मिळतात, त्यांची गोष्ट वेगळी. आपला हूक यातला कुठला, हे गाडीच्या माहितीपुस्तकात बघा, मेसेजमध्ये नाही.

टो-बॉलला पट्टा कधीच अडकवू नका. तो ट्रेलरसाठी आहे. हिसक्याने त्याची मान तुटली की तो गोळा पट्ट्याच्या ताणासकट तोफेसारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात अशाने माणसं मेलेली आहेत. यावर चर्चा नको.

आता वेल्डर. आपल्या गावचे वेल्डर हातचे वाईट नसतात. ट्रॉली, गेट, होडीचं सामान ते उत्तम करतात. घोळ कारागिरीत नाही, चासीत आहे. चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा; त्याची पोकळ पेटी पातळ पत्र्याची. तिच्यावर जाड पट्टी वेल्ड केली की पट्टी शाबूत राहते आणि वेल्डच्या कडेने पत्रा फाटून येतो. शिवाय वेल्डच्या उष्णतेने पेटीच्या आतला गंजरोधक थर जळतो. बाहेरून तुम्ही काळा रंग माराल, आत कोण मारणार? खाऱ्या वाऱ्यात तिथूनच गंज धरतो, आणि बाहेरून चकचकीत दिसणारा हूक दोन-तीन पावसाळ्यांनी कशावर उभा आहे ते कळतच नाही.

बोल्टनेच लावायचा तर कंपनीने चासीला ठेवलेली भोकं वापरणारा, त्याच गाडीसाठी केलेला ब्रॅकेट घ्या. बोल्ट पेटीच्या आरपार जात असेल तर आत नळी हवी, नाहीतर आवळताना पेटीच चेपते. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा दर्जा कोरलेला असला पाहिजे. किनाऱ्यावरचा नेहमीचा मोह म्हणजे होडीवाल्यांचं बघून स्टेनलेसचे बोल्ट घालणं, गंजत नाहीत म्हणून. पण बाजारात मिळणारा ए२-७० दर्जाचा स्टेनलेस ४५० मेगापास्कल ताणाच्या पुढे कायमचा ताणला जातो, ८.८ वाला ६४० पर्यंत टिकतो. आणि खाऱ्या पाण्यात स्टेनलेस स्वतः चकचकीत राहून शेजारचं साधं लोखंड खातं ते वेगळंच. झिंक चढवलेले ८.८ लावा, पावसाळ्यानंतर एकदा टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) लावून बघा, गंज दिसला की बदला.

याच मेसेजच्या एका आवृत्तीत ‘बुलबारला बांधा’, म्हणजे बंपरपुढे लावलेल्या पाइपांच्या गार्डला बांधा, असंही आहे. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच असे क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचं राज्यांना कळवलंय. त्यातून ते बहुतेक पोकळ पाइपाचे.

राहिला ट्रॅक्टर. इथे मेसेज बरोबर आहे. टायरची हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवून, चाकांपुढची वाळू उपसून ट्रॅक्टरने हळूहळू ओढणं हे कुठल्याही हिसक्यापेक्षा चांगलं. पण ट्रॅक्टरवाले दादा पहिला प्रश्न हाच विचारतात, ‘बांधू कुठं?’ पक्का पॉइंट नसला की मग पुढच्या एक्सलला, नाहीतर स्टिअरिंगच्या रॉडला दोर पडतो. दोन पॉइंट असतील तर दोन्हींत मिळून ब्रिडल पट्टा (दोन पायांचा, मधून ओढायचा) टाका आणि तो लांब घ्या: दोन पायांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पॉइंटवर ५८ टक्के ओढ येते, १२० अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण. आणि दादांना बोलवायला उशीर करू नका, भरती थांबत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर पाणी नेहमीच्या खुणेच्या बरंच वर येतं.