दगड आधी उभा राहू दे, गोंद मग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माशांच्या टाकीतले दगड सुपरग्लूने चिकटवण्याबद्दल मी जे लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत आणि झोडपताना हात आखडता घेतला नाहीत, त्याबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. फेव्हिक्विक टाकीत जाणं म्हणजे माशांना विष घालणं. हेमाडपंती देवळं चुन्याशिवाय उभी आहेत, कोकणातले गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणं, सिमेंटशिवाय उभे आहेत. ज्याला दगड रचता येत नाही तोच गोंद शोधतो. आणि टाकीत झाडं-दगडांची निसर्गासारखी मांडणी करणारे जपानी कलाकार ताकाशी अमानो यांच्या परंपरेत हे बसत नाही. जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की तुमच्या तीन फुटी टाकीत काळ्या दगडाची रचना गोंदाच्या थेंबाशिवाय कित्येक वर्षं उभी आहे, आणि आता त्यात मलावीचे सिक्लिड, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले मासे, सोडायचा विचार आहे. हे वाचून मात्र मला काळजी वाटली. त्याकडे शेवटी येतो.

आधी विषाचं. फेव्हिक्विक काय किंवा कुठलाही सुपरग्लू काय, आत असतं सायनोअ‍ॅक्रिलेट. हवेतल्या, दगडावरच्या ओलाव्याचा अंश लागला की त्याच्या रेणूंच्या साखळ्या बनतात आणि द्रवाचं कडक प्लास्टिक होतं. ते पाण्यात विरघळत नाही. समुद्री टाकी ठेवणारे लोक प्रवाळाचे तुकडे याच जातीच्या जेलने दगडावर बसवतात, तेही चालू टाकीत, आणि प्रवाळ आपल्या गप्पीपेक्षा कितीतरी नाजूक. आता तुमच्या बाजूचंही सांगतो. हे प्लास्टिक पाण्यात अगदी सावकाश विघटित होतं आणि त्यातून किंचित फॉर्मल्डिहाइड सुटतं, हे खरं आहे. पण सांध्यात दडलेले चार-दोन थेंब आणि नियमित पाणी बदलणं हे गणित मांडलं तर मासे मरण्याइतकं काही हाती लागत नाही. अर्धी बाटली ओतून गोंदाचाच डोंगर करणाऱ्याची वकिली मी करत नाही.

खरा धोका माशांना नाही, चिकटवणाऱ्याला आहे, आणि त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत याचं नवल वाटलं. दोन खडबडीत दगडांमधली फट सुपरग्लूने भरत नाही. तो पातळ थरातच नीट धरतो, जाड गोळा आतून ओला राहतो. म्हणून फटीत कापूस घट्ट कोंबायचा आणि त्यावर पातळ गोंद सोडायचा. कापसाच्या तंतूंवर तो क्षणात आवळतो, तंतू आत सळईसारखे अडकतात आणि सांधा दगडासारखा होतो. पण ही क्रिया इतकी झपाट्याने होते की कापूस चटका बसेल इतका तापतो आणि डोळ्यांत पाणी आणणारा धूर निघतो. खिडकी उघडी, डोळ्यांवर चष्मा, हातात नायट्राइलचे मोजे. सुती मोजे घालून हे काम करायला बसणं म्हणजे हात भाजून घ्यायची तयारीच. वरून त्याच दगडाचा चुरा गोंद ओला असताना भुरभुरला की पांढरा डाग दिसत नाही.

आता गडगे. दाखला छान आहे, पण तो माझ्या बाजूने बोलतो. गडगा पायाशी रुंद असतो, वर निमुळता होत जातो आणि एकेक चिरा शेजारच्या दोघांवर टेकलेला असतो. हेमाडपंती बांधकामात दगड घडवून, खाचा-कुसू पाडून एकमेकांत अडकवलेले असतात. नुसते एकावर एक ठेवलेले नसतात. म्हणजे चुना नसला तरी अडकवण्याची सोय होतीच. आपण टाकीत ओबडधोबड दगड घेतो, तेही एका फुटाच्या रुंदीत, काचेपासून चार बोटांवर. तिथे तो दगड हलला तर गडग्यासारखा शेतात पडत नाही, काचेवर जातो.

आणि म्हणूनच मी पुन्हा सांगतो, मूळ लेखातही सांगितलं होतं : गोंद भार पेलायला नाही. रचना आधी कोरडी उभी करा, बोटाने ढकलून बघा. गोंदाशिवाय जी उभी राहत नाही ती गोंदानेही उभी करू नका. सायनोअ‍ॅक्रिलेट सरळ ताण चांगला सोसतं, पण धक्का आणि पिळा त्याला सोसवत नाही. त्याचं काम एवढंच की सफाई करताना सायफनची नळी लागली, हात लागला, तर वरचा दगड घसरू नये. पाण्यात भारही कमी होतो. बेसॉल्टची, म्हणजे आपल्या काळ्या दगडाची, घनता पाण्याच्या साधारण 2.9 पट, म्हणजे दहा किलोचा दगड पाण्यात साडेसहा किलोच्या आसपास भरतो. सांध्यावर सगळ्यात जास्त ताण येतो तो रचना कोरडी उचलून टाकीत ठेवताना. ती खालून धरा, शेंड्याला धरून उचलू नका.

अमानोंबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. इवागुमी या दगडांच्या जपानी मांडणीत मुख्य दगड, म्हणजे ओयाइशी, मातीत चांगला रोवलेला असतो आणि बाकीचे त्याच्या आधाराने बसतात. तिथे गोंदाचं काही काम नाही आणि कुणी लावू नये. पण अमानोंच्याच कंपनीने 2001 मध्ये सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या अलीकडच्या मांडण्या बघा. लोंबते कडे, गुहा, हवेत निघालेल्या कमानी! त्या रोवून उभ्या राहत नाहीत. मला स्वतःला त्यातल्या बऱ्याच दिखाऊ वाटतात, पण ती आवडीनिवडीची गोष्ट झाली.

सिमेंट का नको, असंही तुम्ही विचारलंत. ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा सामू (pH) वर चढतो. आठवडेच्या आठवडे पाण्यात मुरवण्याची तयारी असेल तर वापरा. सिलिकॉन चालतं, फक्त बाथरूमचं बुरशीरोधक नको, व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबा.

तुम्ही न घेतलेला एक आक्षेप मात्र वजनदार आहे. चिकटवलेली रचना पुन्हा मांडता येत नाही. छिन्नीचा हलका टोला दिला तर सांधा बहुधा सुटतो, पण दगडाचा टवकाही जातो. महागाचा सेइर्यू दगड असेल तर हा विचार आधी करावा.

आता तुमचे मलावीचे सिक्लिड. त्यातले एम्बुना, म्हणजे खडकांत राहणारे, वाळू उकरतात, आणि दगडाच्या बुडाखालची तर आवडीने. झाडांच्या टाकीत वर्षानुवर्षं न हललेली रचना त्यांच्या खोदकामाने काही दिवसांत कलू शकते, कारण तुमचे दगड वाळूवर टेकलेले आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. गोंद लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण मासे आणण्याआधी टाकी रिकामी करा, तळाच्या काचेवर प्लास्टिकची जाळी अंथरा, मोठे दगड थेट तिच्यावर बसवा आणि वाळू सगळ्यात शेवटी, दगडांच्या भोवतीने ओता. काळ्या दगडात पांढऱ्या शिरा असतील तर व्हिनेगर टाकून बघा. फसफसलं तर तो कॅल्साइट. झाडांच्या टाकीत तो नको असतो, मलावीच्या कठीण पाण्याला चालतो.