अहो, मला गेम खेळायचा नाहीये!

तीन मॉनिटर. बस्स, एवढंच मागणं आहे. एकावर टॅली, एकावर जीएसटी पोर्टलवरून उतरवलेलं टू-बी, म्हणजे खरेदीवरच्या कराची यादी, एकावर एक्सेल. थ्री-बी या मासिक रिटर्नची वीस तारीख मानगुटीवर बसलेली असताना पार्ट्यांची बिलं जुळवायला बसा आणि दर मिनिटाला ऑल्ट-टॅब, ऑल्ट-टॅब करत राहा, म्हणजे कळेल तिसरा मॉनिटर कशाला लागतो ते. हौस नाही ही.

आणि एवढ्यासाठी ग्राफिक्स कार्ड, म्हणजे मॉनिटरला चित्र पुरवणारं कार्ड, घ्यायला गेलं की पहिला प्रश्न काय? "सर, गेम कोणता खेळणार?" अरे बाबा, जीएसटी खेळतो मी, जीएसटी! त्यात कसले आलेत एफपीएस, सेकंदाला किती चित्रं ते? पण नाही. समोर खोकी मांडली जाणार, त्यावर डोळे लाल झालेला कुठला तरी रोबोट, तीन पंखे, आरजीबी, रे ट्रेसिंग, मेमरी अमुक जीबी. मला हवा असलेला एकमेव आकडा, म्हणजे एकावेळी किती मॉनिटर चालणार, तो खोक्याच्या सहाही बाजू फिरवून बघा, दिसला तर दिसला. ऑनलाइन दुकानांची तर बातच सोडा. तिथे पंख्यांचा व्यास मिळेल, पट्टीच्या दिव्यांचे रंग मिळतील, हे मिळणार नाही.

"तीन पोर्ट आहेत ना सर, तीन चालणार." हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं त्याला शोधतोय मी. पोर्ट म्हणजे नुसती भोकं हो! एकावेळी किती वेगवेगळी चित्रं बाहेर काढायची हे आतली चिप ठरवते. एनव्हिडिया कंपनीच्या फर्मी पिढीच्या, म्हणजे 2010 च्या सुमाराच्या चिपा एकावेळी दोनच मॉनिटर चालवतात, मागे व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय अशी तीन तोंडं असली तरी. 2012 च्या केप्लर पिढीपासून हे सुधारलं. छान. पण पुढे गंमत बघा: जीटी 730 या एकाच नावाखाली 96 कोअरवाली फर्मी चिपही विकली गेली आणि 384 कोअरवाली केप्लरही. नाव तेच! गिऱ्हाइकानं काय, दुकानात चिपवरचं हीटसिंक उचकटून बघायचं?

बरं, जुनं नको, नवीन घेऊ म्हणावं. एएमडीचं आरएक्स 6400, साल 2022. पोर्ट दोन, मॉनिटर दोन. जीटी 1030 चीही तीच रड, दोनच. म्हणजे स्वस्तातलं नवीन कार्ड घ्यायचं आणि तिसरा मॉनिटर भिंतीला टेकवून ठेवायचा. चार मॉनिटर चालवणारी कार्डं आहेत की, पण त्यांच्यासोबत येतो गेमिंगचा सगळा फौजफाटा, आणि बहुतेकदा मोठा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय पण. बाजारात भाजी आणायला ट्रक घेऊन जा म्हणण्यासारखं आहे हे.

केबलचं तर बोलूच नका. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय अशी साधी केबल मिळते. दोन्ही टोकं नीट बसतात, खट्ट आवाजही येतो. पण ती एकाच दिशेनं चालते: कार्डाला डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरला एचडीएमआय. उलटं लावलं तर काळा पडदा, आणि त्यावर 'नो सिग्नल' ची ती निळी चौकट इकडून तिकडे तरंगत असते, आपल्याला चिडवत. केबलच्या पिशवीवर एक बाण छापायला किती शाई लागते? ऑफिसातले जुने व्हीजीए मॉनिटर असतील तर आणखी भोग, कारण एनव्हिडियानं 2016 च्या 10 सीरिजच्या कार्डांपासून व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नलच काढून टाकला. मग ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्या. साधी डीव्हीआय-व्हीजीए पिन लावून काहीही होत नाही.

आणि मग येतं दुकानदारांचं ब्रह्मास्त्र: स्प्लिटर! एका एचडीएमआयचे दोन करून देतो म्हणे. आमच्याकडे फोनवर इतकं स्पष्ट सांगूनही तोच पाठवला. स्प्लिटर एकच चित्र दोन ठिकाणी दाखवतो हो! लग्नाच्या हॉलमध्ये दोन टीव्हीवर मुहूर्त दाखवायला ठीक आहे. मला तीच टॅली दोनदा बघून काय करायचंय, पहिल्यांदा बघूनच पोटात गोळा येतो.

सगळ्यात संताप कशाचा, तर फुकटातला उपाय कोणी सांगतच नाही. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर मदरबोर्डवरचा पोर्टही वापरता येतो. कार्डावर दोन, बोर्डावर एक, झाले तीन. पण कार्ड बसवलं की पुष्कळ बोर्ड आपलं ग्राफिक्स आपणहून बंद करतात, आणि ते चालू करायची ओळ बायोसच्या, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या, तिसऱ्या-चौथ्या पानात दडलेली, 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर' की कायशा नावानं. दर बोर्डाला नाव वेगळं. आणि पीसी जोडून देणाऱ्यानं थोडेसे पैसे वाचवायला नावापुढे 'एफ' असलेला इंटेल प्रोसेसर बसवला असेल तर विषयच संपला, त्यात ग्राफिक्स नसतंच. कोटेशनमध्ये त्या एफचा अर्थ कोणी सांगतो? "सर, तोच आहे, फक्त स्वस्त पडतो."

ऑफिसच्या कामाची कार्डं मुळात नाहीतच असंही नाही. एनव्हिडियाचं टी400 बघा: तीन मिनी डिस्प्लेपोर्ट, 30 वॅट, वेगळी पॉवर केबल नको, छोट्या कॅबिनेटमध्ये मावतं. टी600 ला चार. हेच हवं होतं ना मला! पण दुकानात नाव काढलं की, "ते सीएडीवाल्यांचं, डिझाइनवाल्यांचं असतं सर, तुम्हाला नाही लागणार." ऑर्डर देऊन मागवावं लागतं, आणि सुट्या पॅकमध्ये अडॅप्टर नसले की ते पुन्हा वेगळे शोधा.

स्प्लिटर परत घ्या म्हटलं तर उत्तर आलं, "सील तोडलंय सर, आता नाही होणार." सील न तोडता लावून कसा बघणार होतो, हे विचारलं तर निळी टिक आली. उत्तर नाही.