पाणी चढावरही गेलं होतं

ब्रिटन आणि नॉर्वे-डेन्मार्कच्या मधल्या उत्तर समुद्राच्या तळाखाली गाडलेल्या दऱ्या ‘हिमयुगातल्या नद्यांनी कोरल्या’ असं तुमच्या लेखात एका वाक्यात उरकलंय. तिथे जरा थांबून नीट सांगायला हवं होतं. आम्ही नाशिककर गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर किती चढला ते बघतो, पण नदी शेवटी उताराकडेच धावते. या दऱ्या मात्र उघड्या नद्यांनी नव्हे, तर हिमयुगात तिथे पसरलेल्या जाड हिमस्तराच्या (बर्फाच्या अवाढव्य थराच्या) बुडाशी वाहणाऱ्या पाण्याने कोरल्या, आणि तिथे तसं नसतं. वरच्या बर्फाचा दाब इतका, की वितळलेलं पाणी चढावरही ढकललं जातं आणि तळ खरवडत नेतं. म्हणून या दऱ्यांचा तळ खालीवर होतो, काही अचानक संपतात. काही तर ३०० मीटरहून खोल! नंतर गाळाने बुजल्या, म्हणून वरून समुद्रतळ सपाट. तेल-वायू शोधताना सोडलेल्या ध्वनिलहरींनी त्यांचा आकार उलगडला. यावर स्वतंत्र लेख जरूर लिहा.