फोटोडायोड नुसता छोटा केला की वेग वाढतो?

सिलिकॉन फोटॉनिक्सबद्दल, म्हणजे सिलिकॉन चिपवर प्रकाशाने माहिती नेण्याच्या तंत्राबद्दल, एक मजकूर बराच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रकाश सर्वांत वेगवान, म्हणून चिपवर तो टिपून त्याचा विद्युतप्रवाह करणारा फोटोडायोडही वेगवान, आणखी वेग हवा तर व्होल्टेज वाढवा, फोटोडायोड छोटा करा, आणि हे सगळं साध्या सिलिकॉनमध्येच जमेल. यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही.

‘प्रकाश वेगवान, म्हणून फोटोडायोड वेगवान.’ प्रकाश शोषला गेला की त्याचं काम संपलं. पुढची धाव इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धनभारित रिकामी जागा) यांची. या फोटोडायोडमध्ये प्रकाश शोषायला वापरतात त्या जर्मेनियममध्ये त्यांचा वेग सेकंदाला साधारण ६० किलोमीटरवर जाऊन अडतो, म्हणजे प्रकाशाच्या हजारो पट कमी.

‘व्होल्टेज वाढवा’ याचं उत्तर त्यातच आलं. वेग एकदा अडला की जादा व्होल्टेजने वाढतो तो डार्क करंट, म्हणजे अंधारातही वाहणारा नको असलेला प्रवाह.

‘छोटा करा’ हा मुद्दा सर्वांत पटणारा, म्हणून सर्वांत फसवा. छोटा करायचा, पण कोणत्या दिशेने? जर्मेनियमचा थर ४०० नॅनोमीटर असेल तर तो ओलांडायला इलेक्ट्रॉनला ६ ते ७ पिकोसेकंद लागतात, आणि बँडविड्थ, म्हणजे फोटोडायोड किती झपाट्याने बदलणारा सिग्नल टिपू शकतो ती मर्यादा, साधारण ६५ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकते. थर निम्मा करा, ही मर्यादा दुप्पट होते. पण क्षेत्रफळ तेच ठेवलं तर कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवून धरण्याची क्षमता, हीसुद्धा दुप्पट होते आणि सर्किट मंदावतं. मग क्षेत्रफळ घटवावं, तर प्रकाश पुरता शोषला जात नाही. ही कोंडी वेव्हगाइडने, म्हणजे चिपवर प्रकाश वाहून नेणाऱ्या अरुंद पट्टीने, बरीच सुटली: प्रकाश लांबीच्या दिशेने जातो, इलेक्ट्रॉन आडवे पळतात, त्यामुळे अंतर कमी ठेवूनही शोषण साधतं. शिवाय चिपवरच छोटी इंडक्टर कॉइल जोडून कपॅसिटन्सचा परिणाम काही प्रमाणात भरून काढता येतो. त्यात डायोडचा आकार बदलावाच लागत नाही.

जर्मनीतल्या आयएचपी संस्थेच्या गटाने २०२१ मध्ये २६५ गिगाहर्ट्झ बँडविड्थचा जर्मेनियम फोटोडायोड दाखवला. ‘छोटा करा’ म्हणणारे त्याचा दाखला देतील. त्यात जर्मेनियमची अतिशय अरुंद उभी भिंत आहे, हे खरं. पण दुसरी करामत तितकीच मोलाची: अशुद्धी (वीजवहन बदलण्यासाठी मुद्दाम मिसळलेले परके अणू) जर्मेनियममध्ये न घालता दोन्ही बाजूंच्या सिलिकॉनमध्ये घातली. विद्युतक्षेत्राबाहेर तयार होऊन रेंगाळत येणारे वाहक (इलेक्ट्रॉन आणि होल) त्यामुळे जवळपास टळले. हे नुसतं आकाराचं यश नाही, आणि वेगाची किंमत त्यालाही मोजावी लागली: मिळणारा करंट प्रकाशाच्या एका वॅटमागे सुमारे ०.३ अँपिअर. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला प्रत्येक फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन मिळाला असता तर तो १.२५ झाला असता. म्हणून नुसता गिगाहर्ट्झचा आकडा मिरवणं मला अपुरं वाटतं.

राहिलं ‘साधं सिलिकॉन पुरेल’. सुमारे ११०० नॅनोमीटरच्या पुढे सिलिकॉन पारदर्शक होतं, आणि फायबरमधला दूरसंचार मुख्यतः १३१० आणि १५५० वर चालतो. म्हणून तर जर्मेनियम आणावं लागतं, त्याचे अणू सिलिकॉनच्या जाळीत नीट बसत नसतानाही. दोन्हींच्या जाळीत सुमारे ४ टक्के तफावत आहे; त्यातून स्फटिकदोष येतात आणि डार्क करंट वाढतो. हो, कमी अंतराच्या ८५० नॅनोमीटरच्या जोडण्यांपुरता हा दावा अर्धा खरा आहे. तिथे सिलिकॉन प्रकाश शोषतं, पण फार कमी प्रमाणात, म्हणून जाड थर लागतो. २०१७ मध्ये सिलिकॉनच्या पातळ थरात सूक्ष्म छिद्रं पाडून प्रकाश आडवा वळवला गेला, आणि थर जाड न करता शोषण वाढलं.